डांबरगोळीची साक्ष

थंडीसाठी माळ्यावरून रजया काढल्या. पिशवीची चेन ओढली मात्र, डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की मी स्टुलावरच थबकले. वय वर्षं सहा. दुपारची वेळ, आजी निळ्या ट्रंकेपुढे बसून लुगड्यांच्या घड्या उलटसुलट करतेय, आणि मी तिच्या पाठीला टेकून उभी. डोळे भरून आले. नवऱ्याला वाटलं, धूळ गेली.

न राहवून ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ट्रंक हिरवी होती. आणि आजी कुठल्या डांबरगोळ्या घालायची गं? वेखंड असायचं लुगड्यांत. डांबरगोळ्या काकूच्या कपाटात."

ताई चार वर्षांनी मोठी, त्यामुळे अपिलाला जागा नाही. पण मग माझे डोळे भरले ते कशानं?

रेचल हर्झ या अमेरिकेतल्या संशोधक बाई वास आणि आठवण यांच्या नात्यावर वर्षानुवर्षं काम करताहेत. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पॉपकॉर्न, नुकतंच कापलेलं गवत आणि शेकोटी या तीन गोष्टी लोकांना कधी दाखवल्या, कधी ऐकवल्या, कधी हुंगायला दिल्या. वासानं जागी झालेली आठवण सर्वांत जास्त हलवून टाकणारी निघाली, आपण पुन्हा तिथेच जाऊन पोचलो असं वाटायला लावणारी. पण जास्त स्पष्ट किंवा जास्त तपशीलवार? नाही. म्हणजे माझं रडू अस्सल, ट्रंकेचा रंग मात्र रामभरोसे.

याचं एक कारण मेंदूतल्या वाटांमध्ये असावं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं, मग पुढे जातं. वासाला हा नाका लागत नाही. नाकाच्या वर मेंदूत वासाचा एक छोटा कंद असतो, तिथून संदेश थेट अमिग्डालाकडे, म्हणजे भावनांच्या घरात पोचतो. पाहुणा बेल न वाजवता स्वयंपाकघरात येऊन बसावा तसा. कोण आलंय, कुठून आलंय, ही चौकशी मागाहून.

शिवाय ही वाट लहानपणाकडे जाते. स्वीडनमध्ये पासष्ट ते ऐंशी वर्षांच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००६ साली छापून आला. शब्दांवरून त्यांना अकरा ते वीस या वयातलं जास्त आठवलं, आणि वासावरून दहाच्या आतलं.

हर्झबाईंचा दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. २००१ सालचा. एकच आंबूस, उग्र वास. लोकांना एकदा सांगितलं हे पार्मेझान चीज, दुसऱ्यांदा सांगितलं ही ओकारी. चीज म्हटल्यावर आवडला, ओकारी म्हटल्यावर त्याच माणसांनी नाकं मुरडली. यासाठी प्रयोगशाळेत कशाला जायला हवं म्हणा. माझी जाऊ मालवणची. तिच्या घरी सुके बोंबील तव्यावर पडले की तिच्या मुलांना भूक लागते आणि वरच्या मजल्यावरच्यांना सोसायटीच्या सेक्रेटरीचा नंबर आठवतो. वास एकच. नुसती हिंगाची डबी उघडून हुंगा, आणि मग तोच हिंग वरणाच्या फोडणीत.

तर वेखंड. ताईचं म्हणणं पडताळून पाहायचं ठरवलं. काष्ठौषधींच्या दुकानात गेले, दहा रुपयांचं मागितलं. दुकानदारानं कागदात बांधून दिलं, पेरांपेरांची तपकिरी मुळी. घरी येऊन खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, डोळे मिटले आणि पुडी नाकाशी धरली. तिखटसर, थोडा मातकट वास. आजीची वाट पाहिली.

आजी आली नाही. आला ताईचा मुलगा, महिन्याभराचा. आईनं नुकतंच न्हाऊ घातलेला, धुरी दिलेला, टाळूला वेखंड लावून टोपडं बांधलेला, लालबुंद होऊन भोकाड पसरलेला. मी तेव्हा कॉलेजात होते. माझं लहानपण कधीच संपलं होतं, स्वीडनवाल्यांना काय वाटायचं ते वाटो.

ताईला हे सांगितलं नाही. टोपडं पिवळं होतं, मला पक्कं आठवतंय.