रुक्मिणीचा महाल, मागच्या बाजूने

'सौभद्र' मी पुढून पाहिलं ते फार उशिरा. पहिल्यांदा पाहिलं ते मागून, रुक्मिणीच्या महालाला खांदा लावून.

नववीत होतो. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांचं संगीत नाटक दर वर्षी ठरलेलं. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. आमच्याकडे मात्र दर चार-पाच वर्षांनी ते नव्यानेच बसायचं. उत्सवाचे पैसे ऑर्गन-तबलेवाल्यांवर संपले (आणि ते बरोबरच होतं), म्हणून नेपथ्य आमच्या चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडलं. सरांनी आम्हा चौघांना गणिताच्या तासातून उचललं, तिथेच आम्ही त्यांचे झालो.

शाळेच्या पडवीत पंधरा दिवस काम चाललं. रिपांच्या चौकटी, कोपऱ्यांना आंब्याच्या पेटीच्या फळीचे त्रिकोण. ते नसले तर चौकट उचलताना मुरगळते. वर मांजरपाट ताणायचा, की झाला नेपथ्याचा एक 'फ्लॅट'. मग चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, दळायचे आणि पीठ पाण्यात शिजवत ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. खळ लावली की कापड आधी मलूल पडायचं आणि वाळता वाळता असं ताठ व्हायचं की टिचकी मारली तर डग्ग्यासारखं बोलायचं. रंग म्हणजे गेरू, नीळ आणि खडूची पूड, सरसात कालवलेली. ओला असताना गडद दिसणारा रंग वाळला की फिका पडतो, हे न कळल्याने माझा पहिला खांब दोनदा रंगवावा लागला. सर काही बोलले नाहीत. नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

प्रयोगाच्या रात्री चौथा अंक लागायला तीन वाजले. महाल उभा केला आणि लक्षात आलं, मधल्या फ्लॅटच्या टेकूवर ठेवायचं वाळूचं पोतं कुणीतरी बसायला नेलंय. पडदा वर गेलेला. मी मागून खांदा लावला.

रात्र सरत आल्याचं कृष्ण रुक्मिणीला सांगतो, ते पद सुरू झालं. आमचा कृष्ण एरवी पोस्टात शिक्के मारायचा, पण गळा असा की देवळाबाहेरचे चहावाले आत आले. वन्स मोअर! खांद्याला रग लागली. दुसरा वन्स मोअर. विंगेतून सर हाताने खुणावत होते, 'धर, धर'. त्या रात्री गाणं आवडून न घेणारा मी एकटाच असेन. तिसऱ्यांदा तान घेताना कृष्णाने ऐटीत हात मागे नेला, तो महालाच्या भिंतीला लागला आणि पलीकडून माझ्या कानावर बसला.

उत्सव संपल्यावर ते फ्लॅट शाळेत आले. नववी अ आणि ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, तिथे महाल उभा राहिला. खांब, कमानी, मोर सगळं 'ब'च्या बाजूला. आमच्या वाट्याला रिपा, खिळे आणि पेटीच्या फळीवरचं अर्धं अक्षर, 'हापू'.