डंडीत मुक्काम, अँगसमध्ये फुटबॉल

स्कॉटलंडमधलं फुटबॉल म्हटलं की सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांपलीकडे गाडी जात नाही. त्या सामन्यांची तिकिटं मिळवताना दमछाक होते आणि खिसाही रिकामा होतो. खालच्या विभागांचं तसं नाही. सामना दुपारी तीनला असतो. पावणेतीनला दारात पोचलात तरी बहुतेक वेळा आत जाता येतं, आणि खेळाडू साइडलाइनवर एकमेकांना काय सुनावतात तेही ऐकू येतं.

हे सगळं एका छोट्या भागात पाहायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचा अँगस परगणा गाठावा. २०२५-२६ च्या हंगामात इथे दुसऱ्या विभागापासून खाली प्रत्येक पायरीवर एक क्लब आहे: आर्ब्रोथ दुसऱ्या (चॅम्पियनशिप), माँट्रोज तिसऱ्या (लीग वन), फॉरफर चौथ्या (लीग टू) आणि ब्रीखिन त्याखालच्या हायलँड लीगमध्ये. मे महिन्यात बढती-घसरण झाली की चित्र बदलतं, त्यामुळे निघण्याआधी तक्ता पुन्हा बघा.

मुक्काम शेजारच्या डंडी शहरात करा, आर्ब्रोथमध्ये नको. डंडीहून आर्ब्रोथ रेल्वेने वीसेक मिनिटं, माँट्रोज त्याच मार्गावर पुढे अर्ध्या तासाच्या आसपास, आणि फॉरफरला सीगेट बसस्थानकावरून थेट बस. हंगामाच्या ऐन मध्यावर याचा खरा फायदा कळतो. हिवाळ्यात सकाळी गवत गोठलं किंवा पाणी साचलं की पंच मैदान तपासतात आणि सामना पुढे ढकलतात, कधीकधी सुरू व्हायच्या तीन-चार तास आधी. माँट्रोज आणि फॉरफर इथे कृत्रिम गवत आहे, ते सहसा तग धरतं. म्हणजे डंडीत बसून सकाळी क्लबांची सोशल मीडिया पानं बघायची आणि दुपारचा बेत ठरवायचा. फक्त हे दोन्ही क्लब एकाच शनिवारी बाहेरगावी नाहीत ना, ते वेळापत्रकात आधी पाहून ठेवा. पुढे ढकललेले सामने बहुधा मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला होतात. तेव्हा परतीची शेवटची गाडी आधी शोधावी, तिकीट नंतर घ्यावं.

आर्ब्रोथचं गेफील्ड हे या दौऱ्याचं मुख्य आकर्षण. डंडीहून जाताना डब्यात उजवीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला आहे. स्टेशनातून उतरून गावातून बंदराकडे आणि तिथून किनाऱ्याने, असं पंधरा मिनिटं चालायचं. मैदान अक्षरशः समुद्राला खेटून आहे. भिंत, अरुंद रस्ता, की लगेच पाणी. भरती आणि समुद्रावरून येणारा वारा एकाच वेळी जुळून आले तर तुषार थेट प्रेक्षकांवर येतात. भरतीची वेळ बघून जाणारे लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत.

इथे वारा हा बारावा खेळाडू, फक्त तो अर्ध्या वेळेनंतर संघ बदलतो. नाणेफेक जिंकणारा कर्णधार वाऱ्याच्या दिशेचा विचार करतो. वाऱ्याविरुद्ध गोलकीपरने उंच मारलेला चेंडू मधल्या रेषेपर्यंतही पोचत नाही, कधी हवेत थबकून मागेच येतो. म्हणून अनुभवी बचावपटू चेंडू जमिनीवरूनच पुढे सरकवतात. पाहुणा संघ हे न कळता पहिली वीस मिनिटं लांब चेंडू मारत राहिला, तर त्यांची अडचण उघड दिसते. बहुतेक जागा उभं राहून बघायच्या सिमेंटच्या पायऱ्यांच्या आहेत आणि छप्पर त्यांच्या काही भागावरच आहे. समुद्राला पाठ करून छपराखाली उभं राहिलं तर वारा निदान तोंडावर येत नाही. प्रेक्षकांना वेगळं ठेवलं नसेल तर अर्ध्या वेळेत लोक आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, त्या टोकाला चालत जातात. तुम्हीही जा. मोठा पाहुणा संघ असेल तर मात्र प्रवेशद्वारं वेगळी असतात, तेव्हा पाटी वाचूनच आत शिरा.

याच गावात १२ सप्टेंबर १८८५ रोजी आर्ब्रोथने बॉन ॲकॉर्डला ३६-० ने हरवलं. त्याच दिवशी डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले, पण लक्षात राहिला तो एक गोल जास्त झालेला आर्ब्रोथचा सामना. सध्याचं मैदान १९२५ मधलं, जुन्या जागेपासून जरासं सरकवलेलं.

सामन्याआधी बंदरावर स्मोकी घ्या. हॅडॉक मासे शेपटीला जोडीने बांधून दांडीवर टांगतात आणि झाकलेल्या भट्टीत कठीण लाकडाच्या आगीवर शिजवतात. गरम मासा काट्यावरून सहज सुटतो. सामन्यानंतर घेऊ म्हणाल तर दुकानं बंद झालेली असतात. दोन पिशव्यांत बांधून आणा, नाहीतर परतीच्या डब्यात सगळे तुमच्याकडे बघतील.

खाण्याबाबत आपल्याकडच्या लोकांसाठी स्पष्ट सांगायला हवं. मैदानावर मिळणारं बोव्हरिल हे कपातून प्यायचं गरम पेय मूळचं गोमांसाच्या अर्काचं आहे. चहासारखं दिसतं म्हणून घेऊ नका. स्टेक पायमध्ये गोमांस असतं. साध्या स्कॉच पायमध्ये परंपरेने मटणाचा खिमा असतो, पण आता अनेक ठिकाणी गोमांसही वापरतात, म्हणून विचारा. फॉरफरची प्रसिद्ध ब्रायडी म्हणजे गोमांस भरलेली करंजीच, वरच्या पारीला एक भोक असेल तर कांदा नाही, दोन असतील तर कांदा आहे. शाकाहाऱ्यांना मॅकरोनी पायचा आधार असतो: पायच्या कडक कवचात चीज घातलेली मॅकरोनी. तो मिळेलच असं नाही आणि अर्ध्या वेळेत संपतो, म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी किंवा चाळिसाव्या मिनिटाला रांगेत उभे राहा. शिट्टी वाजल्यावर गेलात तर उत्तरार्धाची पहिली पाच मिनिटं गेली म्हणून समजा.

माँट्रोजचं लिंक्स पार्क स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर आहे. मैदान सपाट आणि नीटनेटकं, एका बाजूला मुख्य स्टँड. फार काही सांगण्यासारखं नाही, पण स्टेशनला खेटूनच खाडीचं मोठं पाणथळ आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे गुलाबी पायांचे रानहंस हजारोंनी उतरतात, म्हणून दुर्बीण असेल तर एक गाडी आधीची पकडा.

फॉरफरच्या मैदानाचं नाव स्टेशन पार्क आहे, पण गावात १९६७ पासून प्रवासी रेल्वे नाही. कुणी नाव बघून रेल्वेने निघालं तर फसतं. डंडीहून बसच. संध्याकाळी फेऱ्या कमी होतात, त्यामुळे सामन्यानंतरच्या दोन बसच्या वेळा कागदावर लिहून घ्या.

ब्रीखिनलाही नियमित प्रवासी रेल्वे नाही, माँट्रोजहून बसने जायचं. तिथल्या ग्लेब पार्कच्या एका बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्यांऐवजी लांबलचक हिरवं कुंपण आहे, अगदी नीट कापलेल्या झुडपांचं. तिथे चेंडू अडकला की शोधाशोध होते. हा क्लब २०२१ मध्ये लीग टूमधून बाहेर पडला, पण मैदान पाहायला अजूनही लोक येतात. हायलँड लीगची तिकिटं स्वस्त असतात.

तिकिटांचं म्हणाल तर लीगच्या तीन खालच्या विभागांत प्रौढांना साधारण १५ ते २२ पौंड पडतात. विद्यार्थ्यांना अनेक क्लब सवलत देतात, ओळखपत्र जवळ ठेवा. काही फाटकांवर फक्त कार्ड चालतं, काहींवर फक्त रोख, म्हणून वीस पौंडाच्या एक-दोन नोटा असू द्या. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालील सगळ्यांना बसप्रवास मोफत असतो, त्यासाठी कार्ड काढावं लागतं. त्यात रेल्वे येत नाही, पण फॉरफर आणि ब्रीखिनचा खर्च वाचतो.

दारू आत नेता येत नाही आणि स्टँडमध्ये विकली जात नाही. १९८० च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर झालेल्या दंगलीतून हा कायदा आला. प्यायलेल्या अवस्थेत आत शिरणं हाही गुन्हा आहे. सेल्टिक-रेंजर्सचे रंग घालून जाऊ नका. छोट्या क्लबाचे लोक शनिवारी मोठ्या क्लबकडे जाणाऱ्या गावकऱ्यांवर चिडलेलेच असतात.

कपड्यांबाबत छत्री विसरा, वारा ती टिकू देत नाही. टोपीचं जाकीट, दोन जोड जाड मोजे आणि हातमोजे. गारठा वरून नाही, सिमेंटमधून पायांना चढतो. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो, उत्तरार्ध दिव्यांखाली होतो. लीगचा सामना पाच वाजायच्या आसपास संपतो. कपचा असेल आणि बरोबरीत सुटला तर जादा वेळ आणि पेनल्टी मिळून आणखी पाऊण तास धरा.

एक दिवस शिल्लक असेल तर डंडीच्या दक्षिणेकडच्या फाइफ परगण्यातल्या मेथिलला जा. ईस्ट फाइफचं बेव्ह्यू इथे आहे, एकाच स्टँडचं मैदान. १९३८ मध्ये दुसऱ्या विभागात असताना या क्लबने स्कॉटिश कप जिंकला होता. जवळचं लीव्हन स्टेशन २ जून २०२४ ला पुन्हा सुरू झालं, त्यामुळे आता बसचा वळसा नको. डंडीहून कर्कॉडीला गाडी बदला, लीव्हनला उतरा आणि नदीवरचा पूल ओलांडून चालत जा. सोबतच्या स्कॉटिश बँकांच्या नोटा परतण्याआधी इथेच खर्च करा, लंडनमध्ये काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात.