१७ नॉर्थ परेड ते जमैका अ‍ॅव्हेन्यू : एका रेगे दुकानाच्या मागावर

जमैकाची राजधानी किंग्स्टनला गेलेला माणूस आधी ५६, होप रोडला जातो. रेगे हे जमैकाचं संगीत जगभर नेणाऱ्या बॉब मार्लीचं घर, आता संग्रहालय. तिकीट काढायचं, गाइडच्या मागे फिरायचं आणि निघताना टी-शर्ट घ्यायचा. मीही गेले, टी-शर्टही घेतला. पण त्या घरात मार्ली राहायला आला तो नाव झाल्यावर. त्याआधी तो, पीटर टॉश आणि बनी वेलर, म्हणजे ‘वेलर्स’ हा गट, ज्या जिन्याने गाणी रेकॉर्ड करायला वर जायचे, तो जिना खाली डाउनटाउनात, एका रेकॉर्डच्या दुकानापाशी. मला तो पत्ता बघायचा होता : १७, नॉर्थ परेड.

हॉटेलवाल्यांचा चेहरा पडला. न्यू किंग्स्टनच्या काचेच्या इमारतींतून पाहिलं की डाउनटाउन म्हणजे चोर-पाकीटमारांचं गाव. टॅक्सीवाला मात्र खूश झाला. त्याची आई परेडवर भाजी विकायची म्हणे.

परेड म्हणजे मधोमध सेंट विल्यम ग्रँट पार्क आणि चारी अंगांनी रस्ते. बाजूला १९१२ सालचं वॉर्ड थिएटर, फिक्या निळ्या रंगाचं, रया गेलेलं. फुटपाथ नावालाच. चपला, मोबाइलची कव्हरं, स्कॉच बॉनेट मिरच्यांचे वाटे, कॅलालूच्या जुड्या. कॅलालू म्हणजे आपला माठच. देठ सोलून, कांदा घालून परततात, आणि मी सकाळी हॉटेलात तोच खाल्ला होता. दर दहा पावलांवर कुणाचा तरी स्पीकर. गाणं ऐकू येण्याआधी बास पोटात लागतो. दोन स्पीकरांच्या मध्ये उभं राहिलं तर कुठल्या ठेक्यावर चालावं हे पायांना कळत नाही.

सतरा नंबरला रेकॉर्डचं दुकान आता नाही. वर स्टुडिओ होता तिथेही जाता आलं नाही. समोरच्या बाजूला उभी राहून बराच वेळ पाहत राहिले. शेजारच्या गल्लीला इथले वादक ‘आयडलर्स रेस्ट’ म्हणत. काम मिळेल या आशेने गायक, ढोलकरी, बासवाले दिवसभर तिथे उभे असत. वरून कुणी हाक मारली की जिना चढायचा, गाणं करायचं, रोख पैसे घ्यायचे आणि परत गल्लीत.

दुकानाचं नाव रँडीज. मालक व्हिन्सेंट चिन आणि त्याची बायको पॅट्रिशिया, म्हणजे आज सगळं रेगेजग जिला ‘मिस पॅट’ म्हणतं ती. व्हिन्सेंट चिनी वंशाचा जमैकन. पॅटच्या घरात चिनी आणि भारतीय असं दोन्हीकडचं रक्त. (जमैकात गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज १८४५ साली लागलं. करी गोट आणि रोटी तिथल्या जेवणात एवढी मुरलीय की ती कुठून आली हे आता कुणी विचारत नाही.) व्हिन्सेंट आधी ज्यूकबॉक्सची, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्यांची, देखभाल करायचा. बेटभर बारमध्ये ठेवलेल्या पेट्यांतली जुनी गाणी काढायची, नवी बसवायची. काढलेल्या तबकड्यांचं काय करायचं? दुसऱ्या कुणी भंगारात टाकल्या असत्या. याने त्या विकायला काढल्या. १९५० च्या दशकाच्या शेवटी या जुन्या मालावर नवरा-बायकोने दुकान थाटलं आणि काही वर्षांत ते नॉर्थ परेडवर आणलं. नावही उसनंच. अमेरिकेत टेनेसीमध्ये रँडीज नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. ते रेडिओवरच्या एका कार्यक्रमाचं प्रायोजक होतं आणि तो कार्यक्रम रात्री जमैकात ऐकू यायचा.

व्हिन्सेंट लवकरच स्वतः गाणी काढू लागला. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा त्याने लॉर्ड क्रिएटरकडून स्वातंत्र्याचं गाणं गाऊन घेतलं. पुढे मार्लीला जगभर नेणाऱ्या आयलंड रेकॉर्ड्सने ब्रिटनमध्ये काढलेली पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, हीच. साठच्या दशकाच्या शेवटी दुकानावर स्टुडिओ चढला, स्टुडिओ १७. निर्माता ली पेरीने वेलर्सना घेऊन १९७० मध्ये केलेली गाणी इथली. गायक बर्निंग स्पिअरचा, कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याच्यावरचा १९७५ चा अल्बम इथला. थोरल्या मुलाने, क्लाइव्हने, ‘जावा’ केलं तेव्हा विशीही गाठली नव्हती. त्याने शाळेतल्या मित्राला मेलोडिका वाजवायला बसवलं. मेलोडिका म्हणजे नळीने फुंकून वाजवायची खेळण्यातली पेटी. तो मित्र म्हणजे ऑगस्टस पाब्लो, आणि ‘जावा’ हे त्यांचं वादन आजही कुठल्याही रेगे दुकानात लावलं की चार माना डोलतात.

रेगेवर लिहिणारे सगळे स्टुडिओबद्दल लिहितात. कोणता माइक, कोणता इंजिनीअर, कुणी गांजा ओढून काय वाजवलं. गल्ल्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. वर व्हिन्सेंट आणि खाली काउंटरला पॅट, अशी ती वाटणी होती. वर बनलेलं गाणं खाली लावलं की ते चालेल की नाही हे रस्त्यावरच कळायचं. बसची वाट बघणारा माणूस थांबला, आत डोकावला, मान हलवली, तर आणखी प्रती दाबायच्या. मान नाही हलली तर पुढचं गाणं. ही परीक्षा पॅटने वर्षानुवर्षं घेतली. माझ्या मते पुढे जे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, उभं राहिलं ते या गल्ल्यावर उभं राहिलं, वरच्या यंत्रांवर नाही.

१९७६ मध्ये जमैकात आणीबाणी लागली. निवडणुकीच्या आगेमागे दोन पक्षांच्या टोळ्या डाउनटाउनात एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. ज्यांना शक्य होतं ते व्यापारी बाहेर पडत होते. चिन कुटुंबही न्यूयॉर्कला निघालं. जाताना स्टुडिओतल्या टेप मागेच राहिल्या. त्या लुटालुटीतून वाचल्या, १९८८ च्या गिल्बर्ट वादळातूनही वाचल्या, आणि क्लाइव्हने त्या पुढे न्यूयॉर्कला नेल्या.

म्हणून मीही तिकडेच गेले. तसंही परतीचं विमान न्यूयॉर्कहूनच होतं आणि एडिसनला भाचा आहे. त्याला म्हटलं, “उद्या जमैकाला जायचंय.” तो म्हणाला, “मावशी, तू तिथूनच आलीस ना? का एअरपोर्टला सोडू?” क्वीन्समधल्या जमैका नावाच्या या भागाचा त्या बेटाशी नावापलीकडे काही संबंध नव्हता. बहुतेक भारतीयांना तो जेएफके विमानतळाची एअरट्रेन जिथे पकडायची ते स्टेशन म्हणून माहीत असतो. मीही आजवर तिथे बॅगा ओढत फक्त गाडी बदलली होती. कोविडच्या आधीची ही गोष्ट.

पेन स्टेशनवरून लाँग आयलंडची गाडी, जमैकाला उतरायचं, आणि जमैका अ‍ॅव्हेन्यूवरून पूर्वेकडे चालत सुटायचं. आधी रूफस किंगचं जुनं घर आणि बाग, मग बुटांची दुकानं, वेण्या घालून देणारी सलूनं, सोन्याच्या जाड साखळ्या, फोनवाले. १७० व्या रस्त्याशी आलं की १७०-२१. इथे १९७९ मध्ये चिन दांपत्याने दुकान उघडलं आणि व्हिन्सेंट-पॅट्रिशियाची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं व्हीपी रेकॉर्ड्स. जगातलं सर्वांत मोठं स्वतंत्र रेगे लेबल या साध्या दुकानातून निघालं. कंपनीचं कार्यालय पुढे दुसरीकडे गेलं, दुकान राहिलं.

आत शिरताच वास आला तो पुठ्ठ्याचा आणि प्लास्टिकचा. भिंतीवर सीडी, मध्ये तबकड्यांचे खण, कोपऱ्यात झेंड्यांच्या टोप्या. मी सात इंची तबकड्यांचा एक खण चाळायला घेतला. जमैकन सिंगल हातात घेतली की आधी डोळ्यात भरतं ते मधलं भलंमोठं भोक, ज्यूकबॉक्ससाठी असतं तसं. घरच्या प्लेअरवर लावायची तर मध्ये प्लास्टिकची चकती बसवावी लागते. लेबलचा कागद एका बाजूला सरकलेला, शाई फुटलेली, एकीवर तर दोन्ही अंगांना एकच लेबल चिकटवलेलं. मागच्या बाजूला बहुतेक वेळा ‘व्हर्शन’ : तेच गाणं, गायकाचा आवाज काढलेला. साउंड सिस्टिमवाला, म्हणजे मोठे स्पीकर मांडून लोकांना नाचवणारा, ते लावतो आणि माइकवर आपला माणूस सोडतो. डान्सहॉल, म्हणजे ठेक्यावर बोलत-गात जाणारं रेगेचं पुढचं रूप, त्यातूनच वाढला.

काउंटरवरच्या काकांनी, वय सत्तरच्या पुढचं, विचारलं, “कशासाठी हवंय? ऐकायला की वाजवायला?” ऐकायला म्हटलं. त्यांनी एकाच ठेक्यावरच्या चार तबकड्या काढल्या आणि एकामागून एक लावल्या, प्रत्येकीची जेमतेम पंधरा-वीस सेकंदं. सुई ठेवली, गायकाची पहिली ओळ आली, सुई उचलली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने तिसऱ्या तबकडीला नुसतं बोट वर केलं आणि काकांनी न बघता एक प्रत त्याच्या ढिगावर ठेवली. तेवढ्यात दोन तबकड्यांचा सौदा झालाही. परेडवरच्या काउंटरला हेच चालत असणार, फक्त बोटं जास्त असतील.

ही रिडिमची पद्धत. निर्माता एक ठेका आणि बासची चाल बनवतो, मग त्याच रिडिमवर दहा-बारा जणांना गायला लावतो. गिऱ्हाइकाला त्यातलं कोणतं आवडेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळी दाबायची. किंग्स्टनमध्ये दर आठवड्याला असे ढीग निघत आणि ब्रुकलिन, टोरांटो, लंडनमधल्या जमैकनांना ते लगेच हवे असत. व्हीपीचा खरा धंदा आधी हा होता : माल आणायचा, निवडायचा, पोचवायचा. लेबल म्हणून जोर धरला तो नंतर. १९९० च्या दशकात ‘स्ट्रिक्टली द बेस्ट’ आणि ‘रेगे गोल्ड’ हे त्यांचे वर्षावर्षाचे संग्रह निघू लागले. सुट्या सिंगल विकत घेणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्यासाठी डान्सहॉलचं ते वर्षाचं पंचांग. बीनी मॅन, कॅपल्टन, लेडी सॉ, बेरेस हॅमंड या सगळ्यांची गाणी या दारातून जगात गेली.

एक रिडिम मला मुद्दाम मागायचाच होता. नाव सांगितल्यावर काका हसले, “तू मागणारच.” दिवाळी रिडिम. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनने बनवलेला, टाळ्यांवर चालणारा ठेका. आपल्याकडच्या कॉलेज गॅदरिंगांत २००३-०४ च्या सुमारास जो नाचला असेल, त्याने तो ऐकलाय. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ या ठेक्यावरचं. वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ही त्यावरचंच. शॉन पॉल व्हीपीचा गायक. २००२ मध्ये व्हीपीने अटलांटिक या बड्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि ‘गेट बिझी’ मे २००३ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या अल्बममधलं ते गाणं, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. व्हिन्सेंट चिन त्याच २००३ च्या फेब्रुवारीत वारला. ज्यूकबॉक्समधून काढलेल्या तबकड्या विकणाऱ्या माणसाचं गाणं एक नंबरला गेलं तेव्हा तो तीन महिन्यांपूर्वीच गेलेला होता.

२००८ मध्ये व्हीपीने लंडनचं ग्रीनस्लीव्ह्ज विकत घेतलं. तेही मुळात दुकानच. १९७५ मध्ये वेस्ट ईलिंगमध्ये उघडलेलं, दोन वर्षांनी लेबल झालेलं. ऐंशीच्या दशकातला डान्सहॉल इंग्लंडात पोचला तो बहुतांशी त्यांच्या, टोनी मॅकडरमॉटने काढलेल्या व्यंगचित्री कव्हरांतून. रेगेप्रेमींमध्ये यावर दोन तट आहेत. एकाच घराकडे इतकी गाणी गेली हे बरं नाही, असं म्हणणारे आहेत. मला विचाराल तर, परक्या गुंतवणूकदाराच्या गोदामात कुलुपबंद पडण्यापेक्षा रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या हाती पडली हे बरं. जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या काढायला त्यांनी वेगळं लेबल काढलंय, त्याचं नाव ‘१७ नॉर्थ परेड’.

सगळं गोडच आहे असं नाही. साठ-सत्तरच्या किंग्स्टनमध्ये गायकाला एका गाण्याचे एकदाच पैसे मिळत आणि हक्क निर्मात्याकडे राहत. देशाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा यायला १९९३ उजाडलं. आयडलर्स रेस्टमध्ये उभं राहिलेल्या कितीतरी जणांची गाणी आज बॉक्स-सेटमध्ये आहेत आणि ते स्वतः हलाखीत गेले. शिवाय डान्सहॉलमधल्या काही गाण्यांत समलिंगी माणसांविरुद्ध उघड हिंसेची भाषा होती. त्यावरून २००० नंतर युरोप-अमेरिकेत कार्यक्रम रद्द झाले. जे खपतं ते सगळं विकणाऱ्या दुकानाने तेही विकलं. रेगेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, तेव्हाच्या कौतुकात ही बाजू फारशी कुणी काढली नाही.

पुण्याच्या माणसाला अलूरकर म्युझिक हाउस आठवतंच. कर्वे रस्त्यावरचं ते दुकान कॅसेट विकायचं आणि शास्त्रीय गायकांची ध्वनिमुद्रणं स्वतःही काढायचं. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कान माहीत आणि गायकाचाही. ते बंद झालं आणि त्या जागी तसं काही उभं राहिलं नाही. चिन कुटुंबाने ते कसं टिकवलं, याचं उत्तर मला बरंचसं मिस पॅटमध्ये दिसतं. डान्सहॉलसारख्या पुरुषी धंद्यात ही बाई काउंटर सोडून हलली नाही. मुलं, नातवंडं धंद्यात आणली. त्यातला एक नातू, नवे गायक शोधून आणणारा, २०११ मध्ये किंग्स्टनमध्ये गोळीबारात मारला गेला. तरी कंपनी चालू राहिली. २०२१ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिचं आत्मचरित्र आलं.

त्या दिवशी ती दुकानात नव्हती. “अधूनमधून येते,” काका म्हणाले, “आली की आधी खण नीट लावते, मग बोलते.” मी दिवाळी रिडिमचा संग्रह घेतला, पाब्लोची एक सात इंची घेतली आणि चकती घ्यायला विसरू नको हे त्यांनीच बजावलं. जाणार असाल तर शनिवारी दुपारी जा. सबवेची एफ गाडी, स्टेशन १६९ वा रस्ता, तिथून दक्षिणेला चालत थोडंच अंतर. माझ्यासारखी लाँग आयलंडची गाडी पकडून पायपीट करायची गरज नाही. आणि खिशात रोख ठेवा, कारण परतताना कोपऱ्यावर बीफ पॅटीवाला लागतो. शाकाहारींना भाजीची मिळते, तिखट सांभाळून.