तुम्ही विचारलंत म्हणून: जँगो पत्र्याची गिटार वाजवायचा का?

गिटार शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. कुणीतरी १९३० च्या दशकातल्या पॅरिसचा फोटो पाहिलेला असतो. सुटातला गिटारवाला, हातात आरशासारखी चकाकणारी धातूची गिटार. मग मोबाइल माझ्यापुढे येतो, "सर, हाच ना जँगो राइनहार्ट? जिप्सी जॅझला हीच गिटार लागते ना?"

दोन्हीचं उत्तर नाही. जँगो हा रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजातला गिटारवादक; जिप्सी जॅझ त्याच्याच नावाने ओळखला जातो. फोटोतला माणूस बहुधा ऑस्कर आलेमान असतो. जन्म १९०९, अर्जेंटिनातला. जँगोपेक्षा वर्षभराने मोठा, त्याच काळात पॅरिसमध्ये गायिका-नर्तकी जोसेफिन बेकरच्या वाद्यवृंदात वाजवणारा. रोमा नव्हे, आणि जँगोची नक्कल करणारा तर मुळीच नव्हे. लोक त्याला ओळखत नाहीत याचा मला दर वेळी थोडा रागच येतो.

त्याच्या हातातली गिटार अमेरिकेच्या नॅशनल कंपनीची. पिकअपचा, म्हणजे विजेवर गिटारचा आवाज वाढवण्याचा, जमाना यायचा होता आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे बिचारी गिटार ऐकूच येत नसे. म्हणून १९२७ च्या सुमारास जॉन डोपेरा यांनी गिटारच्या पोटात पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवले. वर टी आकाराची पट्टी, तिच्यावर तारा टेकतात तो ब्रिज. तारेचा कंप लाकडी पाटाऐवजी थेट शंकूंना मिळतो आणि ते स्पीकरच्या पडद्यासारखे हलतात. आवाज वाढवणाऱ्या अशा भागाला रेझोनेटर म्हणतात. पुढे कंपनीत भांडणं झाली, डोपेरा बाहेर पडले आणि भावांबरोबर एका शंकूची डोब्रो नावाची गिटार काढली. तो इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे, आज नको. स्विंग जॅझ वाजवणाऱ्यांनाही या युक्तीचा मोह पडला होता. जिमी लन्सफर्डच्या बँडमध्ये एडी डरहॅमने १९३५ साली रेझोनेटर लावलेल्या गिटारवर सोलो रेकॉर्ड केला, तोही माइकला जवळजवळ चिकटून.

आता जँगो. त्याची गिटार सेल्मरची, म्हणजे सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच कंपनीची. आराखडा मारिओ माकाफेरी या इटालियन गिटारवादकाचा, उत्पादन १९३२ पासून. गंमत अशी की सुरुवातीच्या या गिटारींतही रेझोनेटर होता, पण लाकडाचा! इंग्रजी डी अक्षरासारख्या मोठ्या भोकाच्या आत एक वेगळी पेटी बसवलेली असे. ही पेटी कालांतराने सैल व्हायची, खडखडायची, आणि मग गिटार दुरुस्तीला आली की कारागीर ती सरळ उपटून बाहेर काढायचे. पेटी गेली म्हणून गिटारचं काही बिघडलं नाही. लवकरच माकाफेरींनी कंपनी सोडली, पुढच्या मॉडेलमधून पेटी गेली, भोक लहान आणि लंबगोल झालं, तारांची लांबी वाढून ६७ सेंटिमीटर झाली. जँगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर याच घडणीची. ती आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग रोमा गिटारवाल्यांनी धातूची गिटार का नाही उचलली? किंमत, सवय, जँगोचा दबदबा, हे सगळं असेलच. माझं म्हणणं मात्र 'पाँप'पाशी, म्हणजे जिप्सी जॅझमधल्या ऱ्हिदम गिटारच्या तुटक तालापाशी येतं. जँगोच्या १९३४ च्या पंचकात, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, ड्रम नव्हते. व्हायोलिनवर स्टेफान ग्रापेली, एक बास, जँगो, आणि ताल सगळा दोन ऱ्हिदम गिटारींवर. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, वाजली की डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोडायची, आवाज तिथल्या तिथे तुटला पाहिजे. सेल्मरचा आवाज कोरडा, टोकदार, पटकन विरणारा, म्हणून हे जमतं. तीन शंकूंची गिटार आवाज धरून ठेवते. तिच्यावर पाँप वाजवून पाहा, दुसऱ्या मात्रेपर्यंत पहिली कॉर्ड रेंगाळते आणि सगळा काला होतो.

आलेमानचं काम वेगळं. तो अंगठ्याला पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, लावून बाकीची बोटंही चालवायचा. खाली बास, वर सूर, मधे कॉर्डचा तुकडा, सगळं एका हाताने. त्याला रेंगाळणारा आवाज हवाच होता. १९३८ साली कोपनहेगनमध्ये त्याने एकट्याने वाजवलेल्या रेकॉर्ड ऐका, संगत नाही म्हणून कुठे पोकळी जाणवत नाही. पुढे जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधून मायदेशी परतताना त्याच्या धातूच्या गिटारी नाझींनी काढून घेतल्या, असं सांगतात.

"मग मी कोणती घेऊ?" हा पुढचा प्रश्न. पाँप वाजवायचा असेल तर लंबगोल भोकाची, सेल्मर घडणीची घ्या, हलक्या तारा लावा, पिक मात्र तीन मिलिमीटरच्या आसपास जाड हवं. बजेट नसेल तर घरातली साधी अकूस्टिक चालेल. फक्त उजवा पंजा ब्रिजवर टेकवू नका. मनगट वाकवून हात अधांतरी ठेवा, आणि तार बदलली की पहिला स्ट्रोक खालच्या दिशेनेच मारा, बारीक तारेवरून जाड तारेकडे येत असलात तरीसुद्धा. पहिले काही आठवडे मनगट दुखेल. आलेमानसारखं वाजवायचं असेल तर धातूची जरूर घ्या, पण आधी उचलून पाहा, भलतीच जड असते.