मागच्या पानावरचं उत्तर

शाळेत असताना गणिताच्या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडणारं पान म्हणजे शेवटचं, उत्तरांचं. आणि राग यायचा तोही त्याच पानाचा. सूत्र बरोबर, पायऱ्या बरोबर, आकडेमोड दोनदा तपासलेली, आणि तरी पॉइंटनंतरचा आकडा जुळायचा नाही. मग मी मुकाट्याने शेवटची ओळ खोडून पुस्तकातला आकडा लिहायचो.

परवा भाची वही घेऊन आली. "मामा, उत्तर चुकतंय, पण चूक सापडत नाहीये." त्रिज्या ७, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. तिचं उत्तर १५३.८६, पुस्तकाचं १५४. तिने पायची किंमत ३.१४ घेतली होती, पुस्तकाने २२/७. (पाठ्यपुस्तकातल्या वर्तुळांची त्रिज्या ७, १४, २१ नाहीतर ३.५ का असते, हे मला फार उशिरा कळलं. सातने भाग जावा म्हणून!) गंमत म्हणजे ३.१४ हा पायपेक्षा जरासा कमी आणि २२/७ जरासा जास्त. खरं क्षेत्रफळ १५३.९४च्या जवळ, म्हणजे दोघांच्या मध्ये कुठेतरी. तिला हे काही पटलं नाही. पुस्तकाचंही चुकतं, हे त्या वयात पटत नाहीच.

आसन्न किंमत काढायचा नियम किती साधा वाटतो! पुढचा आकडा पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा, नाहीतर सोडून द्या. पण ७.४४६ घ्या. टप्प्याटप्प्याने गेलात तर आधी ७.४५, मग ७.५, मग ८. एकदम गेलात तर ७. प्रत्येक पायरीवर नियम पाळला, आणि नेमकं त्यामुळेच गाडं घसरलं. पाचाचं दुखणं आणखी वेगळं. तो बरोबर मध्यावर, मग दर वेळी वरच का ढकलायचा? ०.५, १.५, २.५, ३.५ यांची बेरीज ८. सगळे वर ढकलले तर १०. म्हणून काही ठिकाणी पाच आला की जवळच्या सम संख्येकडे जातात: ०, २, २, ४. बेरीज पुन्हा ८. शाळेत हे कुणी सांगितलं असतं, तर मी पाचाकडे जरा आदराने पाहिलं असतं.

नुसतं कापत गेलं तर काय होतं, त्याचा एक खरा किस्सा आहे. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२मध्ये १०००वर सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढायचे, आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचं सरळ उडवून द्यायचे. नोव्हेंबर १९८३पर्यंत तो ५२५च्या आसपास उतरला. नीट मोजला तेव्हा निघाला जवळजवळ १०९९. बाजार चढत होता, आकडा उतरत होता.

भाचीला हा किस्सा आवडला, पण तिला वहीतलं काहीतरी हवं होतं. म्हणून म्हटलं, "१०००१च्या वर्गमुळातून १०० वजा कर. वर्गमूळ दोन दशांश स्थळांपर्यंत घे." कॅल्क्युलेटरवर १००.००४९९९ असं काहीतरी आलं. तिने १००.०० लिहिलं, १०० वजा केले आणि म्हणाली, "शून्य."

"सगळंच गेलं की गं!"

मग तिच्याकडून तीच वजाबाकी अपूर्णांकासारखी लिहून घेतली. वर आणि खाली, ते वर्गमूळ आणि १०० यांच्या बेरजेने गुणलं, की अंशात उरतो १ आणि छेदात ती बेरीज. तेच १००.००, त्यात १००, झाले २००. एक भागिले दोनशे, ०.००५. खरं उत्तर ०.००४९९९८... राउंड तेवढंच केलं होतं, तेही त्याच आकड्याला. फक्त दोन जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा करायची वेळ येऊ दिली नाही.

ती बराच वेळ दोन्ही उत्तरांकडे पाहत बसली. मग मागचं पान उलटून वर्तुळाचं गणित काढलं. १५३.८६ खोडेल असं वाटलं होतं. तिने ते तसंच ठेवलं आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, छापलेल्या १५४च्या शेजारी, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: 'अंदाजे'.