मैना कुणाची?

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला सोलापूरला आला की बॅगेतून आठवड्याचे मळके कपडे निघतात आणि पाठीवरून गिटार उतरते. दिवाळीत एका रात्री गच्चीवर जेवताना त्यानं एकदम विचारलं, "मामा, लेनन की मॅकार्टनी?"

मी कडक भाकरी मोडून दही घातलेल्या शेंगाचटणीत बुडवत होतो. म्हटलं, "आधी जेव की बे."

पण हा वाद त्याच्या होस्टेलात म्हणे पहाटेपर्यंत चालतो. बीटल्स या इंग्रजी बँडची बहुतेक गाणी या दोघांची, जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीची. १९५७ साली लिव्हरपूलमध्ये एका चर्चच्या जत्रेत पहिल्यांदा भेटले, तेव्हा एक सोळाचा आणि दुसरा पंधराचा. पुढं दोघांत ठरलं, गाणं कुणीही लिहो, खाली नावं दोघांची. झालं! तेव्हापासून अर्धं जग कुठली ओळ कुणाची हे हुडकत बसलंय. भाच्यानं मोबाइलवर १९६७ची एक रेकॉर्ड ऐकवली. दोन्ही बाजूंना लिव्हरपूलच. एका बाजूला मॅकार्टनीचा रस्ता, त्यावर न्हावी, बँकवाला, आगीच्या बंबावरचा माणूस, अशी सगळी वर्दळ. दुसऱ्या बाजूला लेननची लहानपणची बाग, आणि तिथं लेननशिवाय जवळजवळ कुणीच नाही. मला इंग्रजी निम्मंच कळलं, पण दोघांचे डोळे वेगळे आहेत एवढं कळलं.

"आपल्याकडं असं कोण होतं का मामा?"

मी उगाच खाकरलो. या विषयात माझं एकदा भर मांडवात नाक कापलं गेलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे जयंती, गल्लीत कार्यक्रम आणि माइक माझ्या हातात. हातात माइक आला की माणसाला आपण विद्वान असल्याचा भास होतो. मी दणक्यात सांगून टाकलं, "आता ऐकू या आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र, बार्शीचे शाहीर अमर शेख यांची 'माझी मैना गावावर राहिली'!"

पुढच्याच रांगेतून एक म्हातारबा उठले. मिलमधून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, अंगात धुऊन धुऊन विरलेला सदरा. "ओ माइकवाले, मैना अमर शेखांची कवापासून झाली? अण्णा भाऊंची हाय की ती!"

मांडव खो खो हसला. ज्याची जयंती, त्याचंच गाणं मी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केलं होतं.

चहाच्या वेळी मात्र त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "तुमची एकट्याची चूक न्हाई. आमी पण अमर शेखांची मैनाच म्हणायचो. म्हणणारा तो होता ना." मग बोटांच्या पेरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हातावर ठेका धरून त्यांनी ती हळू आवाजात म्हणून दाखवली. दम पुरत नव्हता. प्रत्येक कडव्याच्या शेवटी थांबायचे, बशीतला चहा एक घोट घ्यायचे आणि बरोबर तिथूनच पुढं उचलायचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तर भाच्याला सांगितलं ते असं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ लिहायचे, अमर शेखही लिहायचे, आणि दोघंही मंचावर उभे राहायचे. बीटल्सनी नावं जोडली आणि लोक ती सोडवत बसले. इथं ज्याचं गाणं त्याचं नाव असा चोख कारभार होता, तर लोकांनीच तो कालवून टाकला. (इथं ताण्याबाण्याची उपमा द्यायचा मोह सोलापूरकराला होणारच. टाळतो.)

अण्णा भाऊ गाण्यातसुद्धा कथाकारच. दीड दिवसाची शाळा झालेला हा माणूस वाटेगावहून चालत मुंबईला गेला, त्यामुळं गाव सोडणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मैना म्हणायला छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, पण आत अख्खी कादंबरी. पोटासाठी निघालेला गडी, मागं राहिलेली बायको, तिचं रूप, तिचे दागिने, निरोपाची घडी. मग मुंबईची झगमग आणि बेकारांची गर्दी. ऐकणारा त्या ताटातुटीत पुरता गुंतला की शाहीर हळूच सांगतो, महाराष्ट्राचीही तीच गत झाली, बेळगाव, कारवार, निपाणी तिकडंच राहिली. संयुक्त महाराष्ट्राचं राजकारण त्यांनी बायकोच्या आठवणीचं बोट धरून आत आणलं. ज्या गावात घरात मराठी, शेजारी कन्नड आणि मागावर तेलुगू चालते, त्या आमच्या गावात ती जागा आली की अंगावर काटा येतो आणि थोडं अवघडायलाही होतं.

अमर शेखांचं तसं नाही. मूळ नाव महबूब हुसेन पटेल, बार्शीच्या मिलमध्ये राबलेला माणूस, आई मुनेरबीच्या तोंडची गाणी ऐकत वाढलेला. ते गोष्ट सांगत बसत नाहीत, हाळी देतात. १९६२ला चीनचं आक्रमण झालं, तेव्हा त्यांच्या गाण्यात थेट बर्फच पेटला, आणि लगेच हाक, विझवायला चला. कुणी पेटवला, कसा पेटला, हे सांगायला त्यांना सवड नाही. त्यांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह घरात खुर्चीवर बसून वाचले तेव्हा, खरं सांगतो, मला जरा रिकामे वाटले. नुसत्या हाकाच हाका.

"मोठ्यानं म्हणून बघितलं का?" भाच्यानं विचारलं.

नव्हतं बघितलं. मग कठड्याला टेकून, पोटात भाकरी असताना, मी त्या बर्फाच्या गाण्याचा मुखडा जमेल तेवढ्या वरच्या पट्टीत सोडला. माझा आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचा. तरी 'चला' म्हटल्याबरोबर समोरच्या घरातला दिवा लागला आणि शेजारचे काका बनियनवरच बाहेर आले. "काय झालं ओ? कुठं चला?"

माझ्या गळ्यातून एक माणूस घराबाहेर आला. अमर शेखांचा तर पहाडी आवाज, पुढं मैदानभर कामगार. ते शब्द मी चुकीच्या जागी, खुर्चीत बसून तोलत होतो.

तरीही निवडच करायची तर लिहिणारा म्हणून मी अण्णा भाऊंकडं झुकतो. 'बार्शी तिथं सरशी' म्हणणाऱ्या आमच्या पाहुण्यांनी रागावू नये. मात्र त्या म्हातारबांच्या कानात मैना बसली ती छापील कागदावरून नव्हे, हेही तितकंच खरं, आणि इथं माझा निकाल लटपटतो.

दोघं गेलेही एकाच वर्षी. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ला, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात. मधे सहा आठवडे. "परवा तुझी बस इंदापूरवरूनच जाईल," मी म्हटलं. भाचा काही बोलला नाही. गिटार जवळ ओढून त्यानं मैनेची चाल शोधायला सुरुवात केली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडली. काका अजून समोर उभेच होते, ते कठड्यावर ठेका धरू लागले.

चाल थांबवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही तीन नावं घेतली होती की. तिसऱ्याचं एखादं म्हणा."

मी ताटातली उरलेली चटणी बोटानं गोळा करायला लागलो.