एमजीबीतून नॉर्थ कोस्ट 500: पेट्रोलच्या काट्यापेक्षा डिपस्टिक बघा

कोल्हापूरहून आलेल्या मावसभावाने गाडीत बसायच्या आधीच विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मी म्हटलं, "पेट्रोलचं सांगू की ऑइलचं?" त्याला ती चेष्टा वाटली. इन्व्हरनेसहून निघून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालत परत इन्व्हरनेस, असं साधारण 830 किलोमीटरचं हे नॉर्थ कोस्ट 500 चं चक्कर. दुसऱ्या दिवसापासून डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मापायची पट्टी) पुसायचं फडकं त्याच्याच खिशात असायचं.

गाडी 1969 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1,798 सीसीचं इंजिन, हवा-पेट्रोल मिसळणारे एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. तब्येत बरी असली तर गॅलनला 28 मैल देते. इथला गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला जेमतेम दहा. ओव्हरड्राइव्ह (इंजिन सावकाश फिरवणारा जास्तीचा गिअर) असेल तर मोठ्या रस्त्यावर जरूर टाका. ताशी 70 मैलांना इंजिन 3,900 आरपीएमवरून 3,200 च्या आसपास येतं, पेट्रोलही वाचतं आणि कानही. पण या वाटेवरचे बरेच रस्ते एका गाडीपुरतेच, तिथे त्याचा उपयोग शून्य.

पहिल्याच दिवशी बेलख ना बा. समुद्राकाठून थेट 626 मीटरवर नेणारा घाट. चढताना माझा जीव तापमानाच्या काट्यात अडकला होता, पण खरी गंमत उतरताना झाली. अ‍ॅपलक्रॉसच्या बाजूला दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलो. खाली येऊन पाय दाबला आणि आरशात निळा धूर! थ्रॉटल बंद असताना इंजिन हवा ओढायला बघतं, हवा मिळत नाही, मग झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ऑइल खेचलं जातं आणि पाय दाबल्यावर जळतं. उतारानंतर असा एखादा भपका आला तर घाबरू नका. चढावर धूर सतत येत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा संपल्यात. आधी इंजिन उघडा, मग स्कॉटलंड.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचो. एक तर यजमानांचं अंगण खराब होत नाही, दुसरं म्हणजे गळती कळते. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन डाग, डिपस्टिकवर मात्र चांगली घट. म्हणजे बाकीचं ऑइल सायलेन्सरमधून गेलं होतं. पूर्ण फेरीत लिटरभर लागलं. 20डब्ल्यू50 ग्रेडच्या ऑइलचे दोन कॅन घरूनच घ्या, तिकडच्या छोट्या पंपांवर त्याच्या भरवशावर राहू नका. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी मापा. आणि वरच्या खुणेच्या पुढे भरू नका; जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून कार्बोरेटरमध्ये जातं आणि पुन्हा जळतंच.

पेट्रोलने दगा दिला तो अलापूलनंतर. तिथे टाकी फुल केली होती. लॉकिनव्हरवरून किनाऱ्याने डर्नेसला पोचेपर्यंत 150 किलोमीटरला 20 लिटर गेलं! शिवाय पेट्रोलचा वास. पंपाशेजारी बॉनेट उघडलं. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) मी आत ढकलला होता, पण पुढच्या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी नळी) खालीच लटकत राहिला होता. म्हणजे सकाळपासून एक कार्बोरेटर चोकवरच. बोटाने वर ढकलला, टक्क वाजलं, वर ऑइलचा एक थेंब सोडला. थर्सोपर्यंतच्या 117 किलोमीटरला 12 लिटर लागलं. चूक माझीच, निघताना खाली वाकून बघायला दहा सेकंद लागली असती. एसयूच्या डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या छोट्या नळकांड्यात) ऑइल आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या. ते आटलं की पाय दाबल्यावर गाडी अडखळते.

टाकी 12 गॅलनची असली तरी काट्यावर विसंबू नका, आमचा तर वळणागणिक मत बदलायचा. अर्धी झाली की भरा, कारण उत्तरेला दोन पंपांमध्ये बरंच अंतर पडतं. 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई10 आहे, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. सुपरमध्ये ते कमी असतं, पण प्रत्येक पंपावर सुपर मिळेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी नळ्या बदला. मी बदलल्या होत्या, एक सोडून. ती विकमध्ये पाझरायला लागली आणि तिच्यावर दोन क्लिपा आवळून इन्व्हरनेस गाठलं.